जंगलाची पावती कोणी फाडावी?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील अठ्ठाविसावे कलम खानदेशातील कार्यकर्त्यांनी एकदा सावकाश वाचावे असे आहे. अभयारण्यात प्रवेश करण्याचा परवाना कोणत्या कारणांसाठी द्यावा, याची यादी त्यात दिली आहे. वन्य प्राण्यांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि सर्वांत शेवटी, अभयारण्यात राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी करावयाचा कायदेशीर व्यवहार. यावल अभयारण्यातील जामन्या किंवा लंगडा आंबा येथे दिलेल्या लेकीला भेटावयास एखादा पावरा बाप निघाला, तर त्याला कायद्याच्या भाषेत या शेवटच्या खणात बसवावे लागते. लेकीच्या घरी भाकर खाणे हा व्यवहार कसला, हा प्रश्न कायदा रचणाऱ्यांस पडलेला दिसत नाही. रविवारी जळगावहून मोटार घेऊन आलेल्या कुटुंबासाठी मात्र कायद्यात स्वतंत्र आणि प्रशस्त शब्द आहे. तो म्हणजे पर्यटन.

सार्वजनिक रस्त्याने अभयारण्य ओलांडून जाणाऱ्यास परवाना लागत नाही, हे खरे. परंतु रस्ता सोडून पायवाटेने पाड्यावर उतरणाऱ्यास ही सवलत मिळत नाही, आणि सातपुड्यातील पाडे सडकेवर वसलेले नाहीत. अशा बापाला वनरक्षक रोज अडवितो असेही कोणी म्हणणार नाही. बहुतेक वेळा तो अडवीत नाही. मात्र अडवावयाचे की नाही हे ठरविण्याची सत्ता त्याच्या हाती राहते. वनहक्काच्या दाव्यासाठी लोक एकत्र येऊ लागले, मोर्चा निघावयाचा झाला, बाहेरून कार्यकर्ते पाड्यावर येऊ लागले की ही झोपलेली सत्ता जागी होते. जो नियम एरवी वापरला जात नाही, तोच गरिबाच्या डोक्यावर सर्वांत जास्त काळ टांगलेला असतो.

या प्रश्नाकडे पुरोगामी मंडळींचे आजवर फारसे लक्ष गेलेले नाही. जमिनीचा प्रश्न, मजुरीचा प्रश्न, विस्थापनाचा प्रश्न हे लढ्याचे विषय. जंगलात फिरावयास जाणे हा सुखवस्तूंचा विषय, अशी एक समजूत आहे. वस्तुतः जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत पावसाळ्याच्या दर रविवारी जे दिसते त्यावरून ही समजूत टिकत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला, यावल तालुक्यातील मनुदेवीच्या धबधब्याला, रावेर तालुक्यातील पालला, धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणाला जे लोक जातात, त्यांत मोटारीतून उतरणारे थोडे आणि दुचाकीवर तिघे बसून येणारे पुष्कळ असतात. भुसावळचे रेल्वे कामगार, औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी मजूर, महाविद्यालयीन मुले, बाजार समितीतील हमाल यांना महाबळेश्वर परवडत नाही. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या या मुलखात पहिल्या पावसानंतर डोंगरात जाऊन भिजणे हीच त्यांची हवापालट. जळगावच्या खान्देश मिलचा भोंगा केव्हाच थांबला. त्या जागेवर आज व्यापारी संकुल उभे आहे. शहरातील मोकळ्या जागा पैशाच्या झाल्या. फुकट बसता येईल, चालता येईल अशी जागा म्हणजे सरकारी जंगल, आणि तेथेही आता नाके, पावत्या आणि फलक यांची संख्या वाढत आहे.

हे जंगल सरकारी कसे झाले याचा इतिहास खानदेशात उगाळण्याची गरज नाही. १८७८ च्या वन कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी विभागणी केली. १९२७ च्या कायद्याने तीच चौकट पुढे नेली, आणि त्यातील सव्विसाव्या कलमाने राखीव वनात नुसते शिरणे आणि गुरे चारणे हे एका दमात गुन्हे ठरविले. गावाच्या हाती द्यावयाचे ग्रामवन त्याच कायद्यात होते. ते बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले. १९३० साली बागलाण, बिळाशी, पुसद, चिरनेर येथे लोक जंगल सत्याग्रहासाठी उतरले ते या व्यवस्थेविरुद्ध. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला. स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आलेल्यांनी सत्याग्रहींची स्मारके उभारली आणि १९२७ चा कायदा जसाच्या तसा चालू ठेवला.

खानदेशात या इतिहासाला आणखी एक रंग आहे. १८२५ साली जेम्स औट्रम या लष्करी अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांचे बंड मोडण्याकरिता भिल्लांनाच गणवेश चढविण्याची ही युक्ती होती. हाच औट्रम वाघांच्या शिकारीसाठी नावाजलेला होता. चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधील घाटास त्याचे नाव मिळाले, आणि १९८६ साली सुमारे २६० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले तेव्हा ते गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणून जाहीर झाले. ज्याने वाघ मारले त्याचे नाव अभयारण्याला, आणि ज्यांच्या डोंगरात वाघ होते त्यांच्यावर अतिक्रमणाचे खटले. पाटीवरचे नाव बदलण्यासाठी कोणी आंदोलन करावे असे नाही. करावयाची कामे याहून मोठी आहेत. पण या नावाची आठवण ठेवली म्हणजे संरक्षण आणि शिकार यांचे नाते या देशात किती जवळचे आहे, ते ध्यानात राहते. साहेबाच्या शिकारीसाठी जे रान राखले गेले तेच पुढे साहेबाच्या वारसांच्या विश्रांतीसाठी राखले गेले.

वनविश्रामगृहांचा प्रश्न याच मालिकेतला आहे. जंगलातील उत्तम जागा, म्हणजे नदीचे वळण, टेकडीचा माथा, जुन्या झाडांची सावली, इंग्रजी अमदानीत बंगल्यांसाठी निवडल्या गेल्या. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याला मुक्काम करता यावा हा त्यांचा हेतू, आणि तो अजूनही रास्त आहे. परंतु अधिकारी, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे मेहुणे आणि लोकप्रतिनिधींच्या चिठ्ठीवर येणारी मंडळी यांत कर्तव्यावर कोण आणि चैनीवर कोण, हे नोंदवहीत पाहावयास मिळत नाही. साध्या शिक्षकाने पत्र पाठविल्यास आरक्षण नाही असे उत्तर येते. का नाही, याचे उत्तर येत नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालापासून आहे. पालच्या अथवा कोणत्याही वनविश्रामगृहाच्या वर्षभराच्या आरक्षणाची नोंद मागविण्यास दहा रुपयांचा मुद्रांक आणि थोडी चिकाटी पुरते. तालुका शाखांनी हे काम हाती घेतल्यास भाषणांपेक्षा जास्त उपयोग होईल.

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की नाके उखडून टाकावे, परवाने बंद करावे, जंगल सर्वांस मोकळे करावे. तो निष्कर्ष चुकीचा आहे. यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र अवघे १७७ चौरस किलोमीटर. शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य १९८६ चे, ८३ चौरस किलोमीटरच्या आत बाहेर. सातपुड्याच्या या पट्ट्यात गेल्या अर्धशतकात जंगलाची जी तोड झाली ती सर्वांच्या डोळ्यांदेखत झाली. उरलेल्या रानात सुट्टीच्या एका दिवशी हजारो माणसे, ध्वनिक्षेपक, दारूच्या बाटल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन शिरली तर प्राणी राहणार नाहीत आणि पाणीही स्वच्छ राहणार नाही. ओढ्याचे ते पाणी खालच्या पाड्यावर प्यावयाचे असते. धबधब्यावर फुटलेली बाटली अनवाणी गुराख्याच्या पायात घुसते. कष्टकरी माणूस सहलीला गेला की त्याच्या हातून कचरा होत नाही, असा भाबडा समज समाजवाद्यांनी बाळगण्याचे कारण नाही. नियम हवेत. प्रश्न आहे तो नियम कोणी करावयाचे, कोणावर लावावयाचे आणि त्यातून येणारा पैसा कोठे जावयाचा, हा.

आज नियमाचे माप पैसा हे आहे. ताडोबात किंवा मेळघाटात सफारीचे आरक्षण संगणकावर होते, आणि ताडोब्याच्या गाभा क्षेत्रातील एका फेरीचा खर्च काही हजार रुपयांत जातो. ज्याला परवडते तो वाघ पाहतो. खानदेशात वाघ जवळजवळ दिसत नाही म्हणून येथील दर कमी आहेत, इतकेच. निसर्ग पर्यटनाच्या नावाखाली तंबू, झुले, उपाहारगृहे उभारण्याचे प्रस्ताव येऊ लागले की येथील दरही चढतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन जुलैमध्ये तात्पुरते थांबविले आणि ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाल्यावर पुन्हा सुरू होऊ दिले. त्या वेळी हॉटेलवाल्यांनी केलेला आक्रोश अनेकांस आठवत असेल. त्याच गाभा क्षेत्रांतून आदिवासी गावे उठविली जात असताना हा वर्ग गप्प होता.

पैशाचे माप लावले म्हणजे गर्दी कमी होते, हे अर्थशास्त्र्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. गरीब कमी होतात. मोटारी कमी होत नाहीत. जंगलावर पडणारा भार मोजावयाचा तर तो चाकांनी, आवाजाने आणि कचऱ्याने मोजला पाहिजे. एक चारचाकी आणि तिच्यातील ध्वनिक्षेपक यांचा उपद्रव पायी चालणाऱ्या वीस विद्यार्थ्यांहून अधिक असतो. म्हणून पावती वाहनाची फाडावी, माणसाची फाडू नये. पायी येणारा, सायकलवर येणारा, एस.टी.तून उतरून चालत येणारा यांना शुल्क नको. दिवसाची संख्या ठरविणे आवश्यक असेल तेथे ती ठरवावी, आणि जागा जो आधी येईल त्याला द्यावी. संगणकावरील आरक्षणात भ्रमणध्वनी आणि बँकेचे खाते असणारांचीच वर्णी लागते, तेव्हा निम्म्या जागा नाक्यावर ठेवाव्या.

साहसी उपक्रमांच्या नियमावलीचेही असेच आहे. राज्य शासनाने २०१४ साली एक नियमावली काढली, गिर्यारोहण संस्थांनी तिच्याविरुद्ध आवाज उठविला, २०१८ साली सुधारित निर्णय आला आणि २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आले. दोर, पट्टा आणि प्रशिक्षित माणूस यांची सक्ती योग्यच आहे. अपघात खोटे नसतात. पण पैसे घेऊन सहली नेणारी कंपनी आणि भामेरच्या किल्ल्यावर पंचवीस मुलांना नेणारी सेवादलाची शाखा यांना एकाच तराजूत घालणारा नियम धंद्याच्या सोयीचा असतो. कागदपत्रे पुरविण्यासाठी कारकून ठेवणे एकालाच शक्य असते.

या संदर्भात इंग्लंडमधील एक प्रसंग आठवावा. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात ज्या मँचेस्टरच्या परिसरातील गिरण्यांसाठी खानदेशचा कापूस जहाजांनी गेला, त्याच परिसरातील तरुण कामगार २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट या डोंगरपठारावर जाणूनबुजून शिरले. उमरावांनी ते पठार पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. वर्षातील थोडे दिवस बंदुका वाजत, उरलेले दिवस रखवालदार पहारा करीत. बेनी रॉथमन हा विशीतला कम्युनिस्ट कार्यकर्ता पुढे होता. काहीशे माणसे चढली, रखवालदारांशी झटापट झाली, आणि पाच जणांस तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने मिळाले. पुढे १९४९ साली मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांचा कायदा केला, आणि २००० सालच्या कायद्याने मोकळ्या माळांवर व डोंगरांवर पायी फिरण्याचा हक्क मान्य झाला. आठवडाभर यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला मोकळी हवा हा हक्क म्हणून मागता येतो, हे तेथील चळवळीने शिकविले.

परंतु ही घोषणा जशीच्या तशी सातपुड्यात आणली तर घात होईल. किंडरच्या माथ्यावर शिकारी पक्षी होते आणि उमराव दूर वाड्यात होता. सातपुड्यात पावरा, बारेला, तडवी, भिल्ल कुटुंबे राहतात. डिंक, मोह, तेंदू, चारोळी यांवर त्यांचा संसार चालतो. शहरातील माणसाने मुक्त संचाराचा हक्क मागावा आणि त्याच्या पायाखाली कोणाच्या मोहाची फुले तुडवली जावीत, असा समाजवाद कोणास नको आहे. येथे क्रम स्पष्ट असला पाहिजे. पहिला हक्क जंगलात राहणाऱ्याचा, आणि फिरावयास येणारा हा त्याचा पाहुणा. पाहुण्याला परवाना कोणी द्यावा? घरच्या माणसाने.

हे स्वप्नरंजन नव्हे. त्याला कायद्याचा आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या वनाचे गाव परंपरेने रक्षण करीत आले त्या सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला आहे. पाचव्या कलमाने ग्रामसभेला वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा आणि बाहेरून होणारा उपद्रव रोखण्याचा अधिकार दिला आहे. हा कायदा अभयारण्यांसही लागू आहे. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील, तसेच शिरपूर आणि साक्री तालुक्यांतील अनेक गावे १९८५ च्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात आहेत, म्हणून तेथे पेसा कायद्याचाही आधार मिळतो. असे असता प्रवेशाचे नाके वनखाते चालविते, फार तर संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या नावाने दोन तरुणांस पावती फाडावयास बसविते. समितीचा सचिव वनखात्याचा, हिशेब वनखात्याचा, आणि गावाच्या वाट्याला रोजंदारी. ही भागीदारी कुळाच्या भागीदारीसारखी आहे.

ग्रामसभेच्या हाती नाका गेला तर गैरव्यवहार होणार नाहीत काय? होतील. गावातही दांडगे आहेत, ठेकेदाराचे हस्तक आहेत, आणि महिलांना ग्रामसभेत बोलू न देणारे आहेत. मात्र गावातील हिशेब गावासमोर वाचून दाखविता येतो, भांडण करता येते, माणूस बदलता येतो. नाशिकला अथवा नागपूरला ठरलेल्या दराविषयी जामन्याची बाई कोणाशी भांडणार? पावतीवरील रकमेतून बिगारी कामाची मजुरी, कचरा उचलणाऱ्यांचा पगार आणि वणवा विझविणाऱ्यांचा विमा यांची सोय प्रथम व्हावी. मार्च ते मे या महिन्यांत सातपुड्यात वणवे लागतात तेव्हा डहाळ्या घेऊन कोण धावते, हे सर्वांस माहीत आहे.

आता लांडोर बंगल्याविषयी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ च्या जुलै अखेरीस न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले असता लळिंगच्या कुरणातील या बंगल्यात राहिले होते. त्या स्मृतीसाठी दरवर्षी ३१ जुलैला हजारो लोक तेथे चालत जातात. बायका, म्हातारे, लहान मुले, भजनी मंडळे आणि पुस्तकांची दुकाने. वनखात्याच्या ताब्यातील कुरणात होणारे हे येणे कायद्याच्या कोणत्या खणात घालावयाचे? हे पर्यटन नव्हे. संशोधन नव्हे. व्यवहार तर नव्हेच. एका काळी ज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहता येत नव्हते, त्यांनी साहेबांच्या बंगल्यापाशी हक्काने जाऊन बसणे असे त्याचे स्वरूप आहे. पंढरपूरच्या मंदिराची दारे उघडावी म्हणून १९४७ च्या मे महिन्यात अमळनेरच्या साने गुरुजींनी उपोषण केले. सार्वजनिक जागेवर कोणास पाऊल ठेवता येते हा प्रश्न या भूमीत करमणुकीचा कधीच नव्हता. पाटणादेवीची नवरात्रातील यात्रा, मनुदेवीचे नवस, आता नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या तोरणमाळची महाशिवरात्र यांचेही असेच आहे. अशा परंपरागत येण्याजाण्याला परवान्याच्या अटीतून वगळून त्याची जागा, दिवस आणि स्वच्छतेची जबाबदारी यात्रा समिती व ग्रामसभा यांनी मिळून ठरविणे हाच मार्ग आहे. तारखा आधी जाहीर झाल्या तर वनखात्यालाही सोय होते. प्राण्यांच्या विणीचा काळ आणि यात्रेचा काळ कोठे आडवे येतात, हे बसून पाहता येते.

तेव्हा काम कोठून सुरू करावे? वनहक्क कायद्यातील सामूहिक हक्कांच्या दाव्यात वनोपज आणि चराई यांच्या जोडीने परंपरेने उपभोगलेले इतर हक्कही नोंदविता येतात. त्यातून फक्त शिकार वगळली आहे. बहुसंख्य दाव्यांत हा रकाना कोरा सोडला जातो. देवस्थानाची वाट, पाणवठ्याची वाट, सोयऱ्यांच्या गावी जाण्याची वाट, बाजाराची वाट या सर्व त्यात लिहावयाच्या आहेत. नियमांनुसार पुराव्यात गावातील वृद्धांचे लेखी नोंदविलेले जबाबही ग्राह्य धरले जातात. यावल अभयारण्य जाहीर होण्यापूर्वीच्या, म्हणजे १९६९ पूर्वीच्या वाटा ज्यांनी स्वतः चालून पाहिल्या, ती माणसे आज सत्तरीच्या पुढे गेली आहेत. प्रत्येक पाड्यावर अशी चारदोनच उरली असतील. पेरणीची घाई सुरू होण्याआधी त्यांच्यासोबत बसून, शक्य तेथे वाटेवरून चालून, वाटेवरील खुणांसह हे जबाब लिहून घेण्यास शाखांनी कार्यकर्ते पाठवावे, आणि त्यांत पावरी समजणारा एक तरी असावा.